चंदनच्या पुढचा नंबर

हे सगळं घडलं ते २०२२ साली, होळी आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मधल्या उन्हाळ्यात. करोनाची मोठी लाट येऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं. बऱ्हाणपूरची दुकानं पुन्हा उशिरापर्यंत उघडी राहू लागली होती, केळीच्या लिलावाला पुन्हा ट्रक लागत होते, लग्नाच्या वराती वाजत होत्या. फक्त जुनी ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की लगेच बोलत नसत. आधी क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत, याच्या घरी कोण उरलं, कोण गेलं, याचा अंदाज घेत, आणि मग हळूच, ‘काय, कसं काय?’ म्हणत.

लालबागेत स्टेशनच्या रस्त्याला लागून एक गल्ली आत जाते. त्या गल्लीत वंदना मॅडमचं घर. मॅडमनी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात काढली. एकेका घरातल्या आईला आणि मग तिच्या लेकीला त्यांनी तेच व्याकरण शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरात स्वस्थ बसवेना, म्हणून जाळीच्या ओसरीत सतरंजी अंथरून दुपारचा क्लास सुरू केला. शिक्षकाच्या नोकरीच्या मागे लागलेली पोरं-पोरी यायची. मॅडमचे यजमान श्रीकांतराव पोस्टातून निवृत्त झालेले. ते आतल्या खोलीत पलंगावर पडून सगळा क्लास ऐकत आणि मधूनच आतून ओरडत, “अगं, तो धर्मेंद्र परत चुकला!”

मॅडमची शिकवायची एक रीत होती, आणि ती साऱ्या बऱ्हाणपुरात प्रसिद्ध होती. मुलं एका ओळीत बसायची. मॅडम एक शब्द टाकायच्या. पहिल्यानं त्या शब्दाचं वाक्य करायचं, साऱ्यांनी ते एका सुरात म्हणायचं, आणि ज्याचं वाक्य झालं त्यानं पुढच्याकडे मान वळवून बघायचं. की पुढच्याचा नंबर. कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. ओळ आपोआप पुढे सरकत जायची. “हे डोक्यातून बाहेर काढून जिभेवर ठेवायचं असतं,” असं मॅडम म्हणायच्या.

धर्मेंद्र ओळीत पहिला. त्याच्या घरी पॉवरलूम होते, त्यामुळे त्याला खालच्या आवाजात बोलायची सवयच नव्हती. दुसरी शाहपुरची रंजिता. तिसरा फोपनारचा चंदन. चौथी त्याची धाकटी बहीण तृप्ती. पाचवी सायली, गल्लीतलीच. चंदन आणि तृप्ती एका मोटारसायकलवर यायची, एका डब्यातून खायची आणि सारखी भांडायची. चंदनचं इंग्रजी बेताचंच होतं. पण त्याची एक लकब होती. वाक्य संपताना सगळ्यांचा आवाज खाली उतरतो, त्याचा वर चढायचा, जणू आपणच केलेल्या वाक्याबद्दल तो आपल्यालाच विचारतोय. आणि वाक्य झालं की मान वळवण्याऐवजी तो तृप्तीला कोपर मारायचा. “मॅडम, बघा हो याला!” असं ती म्हणायची, आणि मग तिचं वाक्य.

चंदन गेला मागच्या वर्षी, वैशाख लागायच्या आधी. घरात सगळ्यांनाच ताप होता. वडील कडूभाऊ आणि आई मालूबाई अंथरुणावर. एकटी तृप्ती धडधाकट होती. तीच भावाला दवाखान्यात घेऊन गेली आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून राहिली. आत कोणाला सोडत नव्हते. ती बाहेर, तो आत. मग एका सकाळी फाटकातून निरोप आला. पुढचं सगळं दवाखान्याच्याच माणसांनी उरकलं. घरच्यांपैकी कोणी त्याचं तोंड पाहिलं नाही.

दिवाळीनंतर क्लास पुन्हा सुरू झाला, तेव्हा तृप्ती एकटी बसने आली. पोरं ओळीत बसली. धर्मेंद्र, रंजिता, मग एका माणसाची जागा मोकळी, मग तृप्ती, मग सायली. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनी ती मोकळी सतरंजी पाहिली. ‘सरकून बसा रे’ एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. ते त्या बोलल्या नाहीत. रंजिताचं वाक्य झालं की ती सवयीनं मोकळ्या जागेकडे मान वळवायची, ओसरीत एक श्वासभर शांतता व्हायची, आणि मग तृप्ती बोलायची. हिवाळाभर असंच चाललं. पोरांना ते सवयीचं झालं. मॅडमना तर त्या एका श्वासात बरं वाटायचं. वाटायचं, पोरगं अजून आठवायला वेळ घेतंय.

होळी झाल्यावर मॅडमनी समूहाची नामं काढली. तृप्तीला शाहपुरच्या एका शाळेतून बोलावणं आलं होतं. आखाजीनंतर तिथे वर्गावर एक नमुन्याचा पाठ घेऊन दाखवायचा होता, आणि पाठ नेमका हाच होता: टीम, कमिटी, आर्मी, फॅमिली अशा नामांपुढे क्रियापद एकवचनी घ्यायचं की अनेकवचनी.

“घड पडला म्हणता की घड पडले?” मॅडमनी विचारलं.

“पडला,” ओळ एका सुरात म्हणाली. ओळीतल्या बहुतेकांच्या घरी केळीच होती.

“केळी कितीही असोत, घड एक. तसं इंग्रजीत. टीम सगळी मिळून जिंकली, तर टीम हॅज वन. पण टीममधला प्रत्येक जण आपापले बूट घालतोय, तर टीम आर. म्हणजे जमाव एका मनानं वागला की एकवचन. ज्याचं त्याचं मन वेगळं, ज्याची त्याची हालचाल वेगळी, की अनेकवचन. परीक्षेत मात्र बहुतेक इजच मागतात, ते ध्यानात ठेवा.”

“मतलब मॅडम,” धर्मेंद्र म्हणाला, “घरात भांडण लागलं की फॅमिली आर, आणि जेवायला बसले की फॅमिली इज?”

“तुझ्या घरी जेवताना भांडण होत नाही का रे?”

“आमच्याकडे तर जेवतानाच होतं!”

आतून श्रीकांतराव हसले. “त्याला आर दे गं!” असं ओरडले. सगळी ओसरी हसली. तृप्तीसुद्धा हसली. ते हसू पुढे फार दिवस मॅडमच्या लक्षात राहिलं, कारण त्यानंतर ती पुष्कळ दिवस हसली नाही.

“चला. शब्द आहे फॅमिली,” मॅडम म्हणाल्या.

धर्मेंद्र म्हणाला, “द फॅमिली इज बिग.” ओळीनं ते म्हटलं. त्यानं रंजिताकडे पाहिलं.

रंजिता म्हणाली, “द फॅमिली लिव्हज इन शाहपुर.” ओळीनं ते म्हटलं. तिनं मोकळ्या जागेकडे मान वळवली.

एक श्वास गेला. आणि आवाज आला, “द फॅमिली आर वेटिंग आउटसाइड.”

घरचे बाहेर थांबलेत. शेवटचा शब्द वर चढलेला, विचारल्यासारखा.

सवय ही अशी असते की साऱ्या ओळीनं ते वाक्य लागलीच एका सुरात म्हटलं. द फॅमिली आर वेटिंग आउटसाइड. आणि म्हणून झाल्यावर सगळ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. सायलीनं दोन्ही हातांनी आपलीच ओढणी घट्ट धरली. धर्मेंद्र आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेला मॅडमनी पाहिला.

“कोण बोललं?” मॅडमनी विचारलं.

तृप्ती खाली मान घालून बसली होती. नंबर तिचा होता. तिनं तोंड उघडलं, ओठ हलले, पण शब्द आला नाही. परत हलले. मग तिनं मॅडमकडे पाहिलं. पाण्यात पडलेलं माणूस काठावरच्याकडे बघतं ना, तसं.

क्लास सुटल्यावर श्रीकांतराव चष्मा पुसत बाहेर आले. त्यांना बिचाऱ्यांना दिसलं काहीच नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं.

“अगं, आज नवा मुलगा आला का? आवाज ओळखीचा वाटला.”

“नाही आला कोणी,” मॅडम म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. साखर टाकायची राहिली. श्रीकांतराव तसाच चहा प्याले.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्याही दिवशी. शब्द कोणताही असो, रंजितानं मान वळवली की एक श्वास जायचा आणि चंदनचा आवाज यायचा. द टीम आर टायर्ड. द स्टाफ आर नॉट लिसनिंग. टीम दमली आहे, कर्मचारी ऐकत नाहीत. क्रियापद कायम अनेकवचनी, कायम कोणी तरी वेगवेगळं, विखुरलेलं. आवाज तृप्तीच्याच तोंडून येत होता, हे सगळ्यांना कळलं होतं. पण तिचे ओठ पाहिले तर जेमतेम हलत. आणि तिचा स्वतःचा नंबर आला की काहीच नाही. नुसती हवा.

खरं तर मॅडमनी पहिल्याच दिवशी ओळ मोडायला हवी होती. पोरांना सरकवून बसवलं असतं, गोल बसवलं असतं, नाव घेऊन विचारलं असतं. शिकवायच्या शंभर रीती त्यांना येत होत्या. रोज सकाळी त्या ठरवायच्या की आज ओळ मोडायची. रोज दुपारी पोरं बसली की त्यांच्या तोंडून शब्द निघायचा, “चला, धर्मेंद्रपासून.” त्यांना तो आवाज ऐकायचा होता. एवढ्या वर्षांत हातून गेलेल्या मुलांपैकी कोणी असं परत आलं नव्हतं.

एका दुपारी रंजिता मागे थांबली.

“मॅडम, तृप्ती बसमध्ये पण बोलत नाही आता. कंडक्टरला बोट दाखवते. मी फोन केला तर उचलला आणि...” ती थांबली. “मॅडम, फोनवर तो होता. मला म्हणाला, रंजी, तृप्तीला बघितलं का? मी फोन फेकून दिला.”

“तिच्या आईला माहीत आहे का हे?”

“आईला?” रंजिता विचित्र हसली. “मॅडम, तिची आई तर खूश आहे.”

त्यानंतर तृप्ती क्लासला आलीच नाही. तिची वाट बघण्यात पंधरवडा गेला. आखाजी तोंडावर आली. शाहपुरच्या शाळेचा पाठ आखाजीनंतर लगेच होता. आणि मग कडूभाऊंचा फोन आला. कडूभाऊंना तसं फोनवर बोलायची सवय नाही, ते शेतात माणसाला हाक मारावी तसं बोलतात.

“मॅडम, आखाजीले फोपनारला या. घागर भरायची हाये पोराची. मालू भरू देत नाही. तुमचा मान ठेवते ती, तुम्ही या.”

“मी येऊन काय करू, कडूभाऊ?”

“मॅडम, एक लेकरू देवानं नेलं. दुसरं ही घालवू राह्यली. काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

आखाजीला धर्मेंद्रनं भावाची गाडी काढली. श्रीकांतरावांनी बरोबर येतो म्हटलं, पण मॅडमनी त्यांना ऊन सोसणार नाही म्हणून घरी ठेवलं. गाडी तापीकडच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, फाटकी पानं उन्हात लोंबत होती. वारा नव्हता, तरी एखादंच पान आतल्या आत हलत होतं.

“मॅडम, मी आत नाही येणार बरं का,” धर्मेंद्र म्हणाला. “गाडीत बसतो. एसी चालू ठेवतो तुमच्यासाठी.”

“भितोस?”

“भितो मतलब... मॅडम, तो माझ्या बाजूला बसायचा. मध्ये फक्त रंजिता. एकदा माझी जिलेबी खाल्ली त्यानं, मावा जिलेबी, अख्खी. मी त्याला मरे तोवर सोडणार नाही म्हटलं होतं.” एवढं बोलून तो गाडी हळू चालवू लागला.

कडूभाऊंचं घर गावाच्या कडेला, मागे बाग. अंगणात पुरणाचा वास होता. ओसरीच्या कोपऱ्यात गव्हाच्या राशीवर नवी लाल घागर मांडलेली होती, शेजारी डांगर, म्हणजे ते पिवळं खरबूज, घागरीच्या तोंडावर ठेवायला. आपल्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाची घागर भरतात. ती भरेपर्यंत तो तहानलेला राहतो असं जुनी माणसं सांगतात. कडूभाऊंच्या घराण्याची त्यात आणखी एक रीत होती. घागर एकट्यानं भरायची नाही. घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातानं एकेक तांब्या ओतायचा, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, ओळीनं. एकाचा जरी तांब्या राहिला तरी घागर भरली असं धरत नाहीत. मागच्या वर्षी आखाजीला घरात सगळेच आजारी, घागर राहूनच गेली होती. या वर्षी कडूभाऊंचा तांब्या सकाळीच ओतून झाला होता. घागरीच्या तळाशी तेवढंच पाणी होतं.

मालूबाई हसत बाहेर आली. अंगावर नवं लुगडं, केसांना तेल. वर्षाआधी पोटचा पोरगा गेलेली बाई अशी दिसत नाही.

“या मॅडम, या. चंदन्या, बघ कोण आलं! तुझ्या मॅडम आल्या रे!”

आत खाटेवर तृप्ती बसली होती. ती पार वाळली होती. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर टिकली नाही, कानात काही नाही. अंगावर भावाचा चौकटीचा शर्ट. समोर ताट होतं, आमरस, पुरणपोळी, सांजोरी.

“खाऊन घे रे, मॅडम काही परक्या नाहीत,” मालूबाई म्हणाली.

“मालूबाई, ही तृप्ती आहे,” मॅडम म्हणाल्या.

“असं लोक म्हणतात. तुम्ही ऐका तर.” मालूबाईनं ताटाजवळ बसकण मारली. “सांग रे चंदन, जेवला का?”

“जेवलो, आई.” तोच आवाज, शेवटी वर चढलेला.

“पाहिलं? रोज बोलतो मॅडम. आधी फक्त संध्याकाळचा बोलायचा, आता दिवसभर बोलतो. मी पाहिलं नाही त्याले मेलेलं. मी कशी घागर भरू? ज्याची घागर भरायची तो हा बसला ना माझ्यासमोर!”

कडूभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. “आणि तृप्ती कुठं गेली, मालू?”

“ती कुठं जाते? हाये इथंच.” मालूबाईनं हात झटकला. “ती तर सदाचीच हाये घरात.”

मॅडम खाटेच्या समोर पाटावर बसल्या. इतके दिवस ओसरीत ओळीच्या टोकाला बसून त्यांनी हा आवाज ऐकला होता. इतक्या जवळून, भर दुपारच्या उजेडात, तोंडाकडे बघत नव्हता ऐकला. त्यांनी पाहिलं, बोलताना पोरीचा गळा हलत नव्हता. डोळे मात्र हलत होते. बंद फाटकाच्या आडून कोणी तरी रस्त्याकडे बघत राहावं, तसे ते इकडेतिकडे काही तरी शोधत होते.

मालूबाई विचारत होती आणि आवाज उत्तर देत होता. रस गोड झाला का? झाला, आई. उन्हाचा त्रास होतो का? नाही, आई. आईच्या प्रत्येक प्रश्नाला पोरगं जे उत्तर हवं ते देत होतं. आणि मॅडमच्या ध्यानात आलं की आपणही इतके दिवस हेच केलं. शब्द टाकला आणि त्याचं वाक्य ऐकलं. वाक्य झाल्यावर पुढच्याकडे बघायचं असतं, ते मात्र त्याला कधी करायला लावलं नाही. त्याच्यापाशी ओळ अडकली होती आणि आपण ती तशीच अडकू दिली होती.

“चंदन,” मॅडम म्हणाल्या. वर्गात बोलत तशाच, कडक नाही आणि मऊही नाही. “झालं तुझं वाक्य. आता पुढचा नंबर कोणाचा?”

खाटेवरची मान वळली. आधी भिंतीकडे, मग उलट्या बाजूला. कोपर उचललं गेलं आणि हवेत कोणाला तरी शोधत राहिलं.

“तृप्तीचा,” आवाज म्हणाला. आणि मग थोड्या वेळानं, “तृप्ती कुठंय?”

“हाये ना इथंच, राजा,” मालूबाई म्हणाली.

“दिसत नाही.” आवाज आता वर चढत नव्हता. “आई, ती बाहेर बसली होती ना? फाटकापाशी. ऊन होतं. तिला कोणी आत नाही घेतलं? तिला घरी नेलं का तुम्ही?”

मालूबाईनं ताट आणखी पुढे सरकवलं.

“आई, तृप्तीला नेलं का घरी?”

तेव्हा कुठे मालूबाईनं आपल्या लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, हनुवटी हातात धरून, एक गाल, दुसरा गाल, मोकळं कपाळ. “तृप्ते,” तिनं हाक मारली. डोळे तिच्याकडे वळले नाहीत. “ए तृप्ते! तृप्ती, माय, बोल ना!” तिनं पोरीचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. पोरगी झाडासारखी हलली आणि तशीच थांबली. एवढे दिवस मिळाला म्हणून ज्याला ती जपत होती, त्याच्यापायी दुसरं हातचं निघून चाललंय, हे तिला त्या एका क्षणात दिसलं.

ती उठली. लेकीचा हात न सोडता तिला ओढत ओसरीच्या कोपऱ्यात घागरीपाशी घेऊन आली, तांब्या उचलला, कळशीत बुडवला. घाईत निम्मं पाणी गव्हावर सांडलं.

“पी,” ती म्हणाली. “पी रे माझ्या बापा. आणि जाय.”

पाणी घागरीत पडलं.

मग तिनं तांब्या पुन्हा भरला, पोरीच्या मुठीत दिला, वरून आपली मूठ घट्ट आवळली आणि तिच्याकडून ओतवला. धाकट्याचा तांब्या शेवटचा. रीतीनं घागर भरली. कडूभाऊंनी डांगर वर ठेवलं, ते ठेवताना त्यांचे ओठ हलत होते.

मागच्या बागेत एक पान कुठे तरी टरकन फाटलं.

“हात सोड ना आई,” तृप्ती म्हणाली. आवाज घोगरा, गंजलेल्या कडीसारखा, पण तिचा. “दुखतोय.”

मालूबाईनं हात सोडला. ती घागरीपाशी खाली बसली आणि रडायला लागली. असं रडली की आजूबाजूच्या बाया हातातलं पुरण टाकून धावत आल्या. “काय झालं? कोण गेलं हो?” असं त्या दारातून विचारू लागल्या.

“चंदन,” कडूभाऊ म्हणाले.

“अहो, पण चंदन तर मागच्या वर्षी...”

“नाही,” कडूभाऊ म्हणाले. “आज गेला.”

गाडीत धर्मेंद्रनं मॅडमना काही विचारलं नाही. लालबाग आली तेव्हा एवढंच म्हणाला, “मॅडम, रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी एसी बंद केला होता.” दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मॅडमनी ओळीला सांगितलं, “सरकून बसा रे.” पोरं सरकली. मॅडमनी शब्द टाकला आणि डोळे मिटून घेतले. तृप्ती अजून फोपनारलाच होती, रंजिताच्या वाक्यानंतर लगेच सायलीचं वाक्य आलं. ओळीत आता श्वासभराची जागा नव्हती. मॅडमना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तृप्तीनं शाहपुरच्या शाळेत पाठ दिला. आवाज पुरता सुटला नव्हता, मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही, असं तिनंच नंतर सांगितलं. मुलांना तिनं घडाचं उदाहरण दिलं. फॅमिली हा शब्द तिनं फळ्यावर लिहिला आणि त्याचं वाक्य केलं नाही, मुलांना करायला सांगितलं.

त्या साऱ्यांचं पुढे असं झालं.

धर्मेंद्रनं शिक्षकाच्या परीक्षेचा नाद सोडला आणि घरचे पॉवरलूम बघू लागला. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. मुलाचं नाव काय ठेवायचं यावर घरात भांडण झालं, पण शेवटी त्यानं ठरवलेलंच नाव ठेवलं, चंदन. रंजिता खंडव्याला नांदते. तिथल्या एका शाळेत शिकवते, पण इंग्रजी नाही, भूगोल. सायलीला इंदुरात नोकरी लागली. श्रीकांतराव त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गेले, पलंगावर पडल्या पडल्या, दुपारी क्लास चालू असताना. आतून काही ऐकू आलं नाही म्हणून मॅडम बघायला गेल्या होत्या. वंदना मॅडमनी त्यानंतर क्लास बंद केला. त्या अजून लालबागेतच राहतात आणि दुपारी ओसरीत बसत नाहीत. आखाजीला त्या श्रीकांतरावांची घागर भरतात. तेव्हा त्या हातातला तांब्या लगेच ओततात, थांबत नाहीत. कडूभाऊंनी फोपनारची निम्मी बाग भाईदास नावाच्या पुतण्याला कसायला दिली आणि बाकी निम्मी स्वतः बघतात.

तृप्तीला शाहपुरच्या शाळेनं घेतलं. तिथंच तिचं लग्न झालं, नवरा अनंत बँकेत आहे. तिचा आवाज पहिल्यासारखा बारीक राहिला नाही, थोडा जाडच झाला. नवरा थट्टेनं तिला हेडमास्तर म्हणतो. तिला ते आवडत नाही, पण का आवडत नाही हे तिनं त्याला सांगितलेलं नाही.

आणि मालूबाई. ती आता बरी आहे, शेतात जाते, लोणची घालते, सणावाराला लेकीला आणायला जाते. रोज संध्याकाळी तृप्ती तिला फोन करते. फोनवर लेकीचं नाव येतं, फोटो येतो, ते मालूबाईला दिसतं. तरी फोन कानाला लावला की ती आधी विचारते, “कोण बोलतंय?”

“मी तृप्ती, आई.”

“कोण?”

“तृप्ती.”

मग मालूबाई खाली बसते आणि बोलायला लागते.